पूर्ण बाह्यांचा शर्ट होता तरी दंड आणि पाठ भाजली, एका शर्टाचं प्रकरण

माझा धाकटा भाऊ सर्व्हेच्या कामाला आहे आणि मी शिवणकाम करते. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी आला, आणि त्यानंतर मी कापडाकडे ज्या नजरेने बघते ती आधीची नजर राहिली नाहीये. म्हणून हे सगळं प्रकरण पहिल्यापासून नीट लिहून काढतेय, कारण "अंगभर कपडे घाल म्हणजे उन्हाचं टेन्शन नाही" हे मीच त्याला वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि ते अर्धंच खरं होतं.

काम होतं एका जलाशयाच्या काठाची मापं घ्यायचं. दोघंजण, एकजण किनाऱ्यावर मशीन लावून उभा आणि दुसऱ्याने म्हणजे माझ्या भावाने मापाची उंच पट्टी, तिला ते स्टाफ म्हणतात, ती धरून पाण्यात उभं राहायचं, कुठे घोट्याएवढ्या कुठे मांडीएवढ्या पाण्यात, पट्टी सरळ धरायची, पुढे सरकायचं, परत धरायची. सकाळी १० ला सुरू केलं आणि ३ वाजता संपवलं. वारा छान होता, आणि तरीही मधे मधे उकडायला लागलं की हा ओंजळीने पाणी घेऊन खांद्यावर पाठीवर ओतून घ्यायचा, शर्ट भिजला की वाऱ्याने गारगार वाटायचं. चेहऱ्याला आणि मानेला सनस्क्रीन लावलं होतं, डोक्यावर टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा कॉटनचा शर्ट, आत बनियन, खाली गडद निळी जाड जीन्स. म्हणजे कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं की पोरगा काळजी घेणारा आहे, आणि तो आहेच.

संध्याकाळी घरी आला तेव्हा म्हणाला, "ताई, पाठ जरा तापल्यासारखी वाटतेय." मला वाटलं दिवसभर उभा होता, दमला असेल. रात्री त्याला कुशीवर झोपता येईना. सकाळी शर्ट काढून दाखवला तर दोन्ही दंडांची वरची बाजू आणि खांद्याच्या फऱ्यांचा भाग गडद पडलेला, हात लावला तर चटका बसेल इतका गरम, आणि नुसतं बोट टेकवलं तरी तो कळवळायचा. आमची कातडी सावळी आहे, त्यामुळे चित्रात दाखवतात तसा लालभडक रंग आला नव्हता, तांबूस काळपट असा काहीतरी होता, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण सावळ्या माणसाला सनबर्न होत नाही असा समज फार पक्का आहे. रापणं वेगळं आणि भाजणं वेगळं. लाली दिसली नाही तरी गरमपणा, दुखरेपणा, ताणल्यासारखं वाटणं हे सगळं असतंच, आणि ते उन्हातून आल्यावर लगेच नाही तर तीन-पाच तासांनी सुरू होतं आणि १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त वाढतं. त्याचं अगदी तसंच झालं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधांचा, कुठली गोळी चालू आहे का, कारण डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक किंवा बीपीच्या काही गोळ्या यांच्यामुळे कातडी उन्हाला भलतीच हळवी होते आणि मग थोड्या उन्हानेही भाजल्यासारखं होतं. तसं काही चालू नव्हतं. मग साबण बदलला का, डिटर्जंट बदललं का, म्हणजे अ‍ॅलर्जी आहे का ते बघितलं, पण त्यांनी काख दाखवायला सांगितली आणि काख एकदम स्वच्छ होती. कपड्याची किंवा डिटर्जंटची अ‍ॅलर्जी असती तर जिथे कापड घासतं आणि घाम साचतो तिथे आधी उठली असती. घामोळं म्हणावं तर पुरळ नव्हतं. शेवटी ते म्हणाले हा सनबर्नच आहे, शर्टातून आलेला. गार ओल्या फडक्याने शेकायला, भरपूर पाणी प्यायला, दुखण्यासाठी एक गोळी, आणि बरं होईपर्यंत उन्हात जायचं नाही, एवढं सांगितलं. फोड आले नव्हते हे नशीब.

भाऊ मात्र ऐकायला तयार नाही, म्हणे शर्टातून कसं भाजेल, मी उघडा थोडाच होतो.

तेव्हा मी त्याला पाठमोरा बसवला आणि नीट बघितलं, आणि मला जे दिसलं ते बघून अंगावर काटा आला, कारण त्याच्या पाठीवर शर्टाचा अख्खा नमुना उमटला होता. पाठीच्या मधोमध बनियनच्या आकाराचा भाग जसाच्या तसा, नेहमीच्या रंगाचा. बनियनच्या कडेला सरळ रेघ आणि त्या रेघेच्या बाहेर भाजलेलं. मानेच्या मागे कॉलरची घडी येते तिथे काही नाही. खांद्यावर अगदी वरच्या बाजूला काही नाही, आणि हे आधी मला कळेना कारण ऊन तर तिथेच सगळ्यात सरळ पडतं, मग लक्षात आलं की शर्टाला खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात योक असतो, ती पट्टी आम्ही शिवताना दुहेरी कापडाची लावतो. योक जिथे संपतो तिथून खाली भाजलेलं. बाही एकेरी असते म्हणून दंड सगळ्यात वाईट. मनगटाला कफ दुहेरी असतो, तिथे पुन्हा काही नाही. आणि कंबरेखाली जीन्स, तिथे तर ऊन लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे एकेरी कापड होतं तिथे भाजलं आणि दुहेरी होतं तिथे वाचलं, इतकं स्पष्ट की वाद घालायला जागाच नव्हती.

मग शर्ट हातात घेतला. पाच-सहा वर्षांचा, धुऊन धुऊन विरलेला, पांढरा राहावा म्हणून कितीतरी वेळा ब्लीचमधे घातलेला. खिडकीसमोर धरला तर मागचा माझा हात दिसत होता. शिवाय त्या काळात त्याचं अंग भरलंय, त्यामुळे दंडावर आणि फऱ्यांवर तो ताणून बसायचा. आणि वरून भिजवलेला. एका शर्टाच्या बाबतीत जे जे चुकू शकतं ते सगळं एकाच वेळी चुकलं होतं, आणि यातलं प्रत्येक का चुकीचं आहे ते समजून घ्यावं लागतं, नाहीतर नवीन शर्ट घेतानाही आपण परत तेच करणार.

कापड म्हणजे शेवटी जाळी. उभे आडवे धागे आणि त्यांच्या मधे भोकं. भोकातून किरण सरळ आत येतात, त्याला कुणी अडवत नाही, मग तो धागा कितीही भारी असो. समजा धागे शंभर टक्के किरण अडवणारे आहेत, एकही किरण धाग्यातून आरपार जात नाही, तरी कापडाचा फक्त ९३ टक्के भाग धाग्यांनी झाकलेला असेल तर उरलेल्या ७ टक्के जागेतून ऊन येणारच, म्हणजे साधारण १४ पटीपेक्षा जास्त संरक्षण त्या कापडाला मिळूच शकत नाही. ५० पट पाहिजे असेल तर ९८ टक्के झाकलेलं पाहिजे. म्हणून वीण किती घट्ट आहे हा पहिला प्रश्न, बाकी सगळं नंतर. कापड ताणलं की हीच भोकं मोठी होतात, आणि अंगाला चिकटून ताणलेल्या कपड्यात नेमकं तेच होतं. विरलेल्या कापडात धागाच बारीक झालेला असतो. गंमत अशी की कोरं कॉटन पहिल्या काही धुण्यांत आटतं आणि वीण घट्ट होऊन त्याचं संरक्षण वाढतं, पण वर्षानुवर्षं वापरून झिजलं की ती कमाई जाते.

दुसरी गोष्ट धाग्याची. ब्लीच न केलेल्या कच्च्या कॉटनमधे जे नैसर्गिक रंगद्रव्य असतं ते बऱ्यापैकी यूव्ही, म्हणजे उन्हातले डोळ्याला न दिसणारे पण कातडी भाजवणारे किरण, शोषून घेतं, आपण पांढरंशुभ्र करायच्या नादात ते काढून टाकतो. पॉलिएस्टरच्या रेणूतच बेंझिनचं कडं असतं, ते यूव्हीबी, म्हणजे यूव्हीतला जास्त भाजवणारा भाग, चांगलं शोषतं, म्हणून तेवढ्याच जाडीचं पॉलिएस्टर सहसा पांढऱ्या कॉटनपेक्षा सरस पडतं. आणि रंग. गडद रंगाचा डाय यूव्हीसुद्धा शोषतो, त्यामुळे तेच कापड पांढरं आणि तेच गडद निळं यात फरक कितीतरी पटींचा असू शकतो.

आणि तिसरी, जी मला खरंच माहीत नव्हती, ती पाण्याची. कोरड्या कॉटनमधे धाग्यांच्या आत आणि मधे हवा असते, किरण हवेतून तंतूत, तंतूतून हवेत असे प्रत्येक वेळी वाकतात, विखुरतात, बरेचसे मागे फिरतात. पाणी भरलं की तो फरकच कमी होतो, कारण हवेपेक्षा पाणी तंतूच्या गुणाला बरंच जवळ आहे, मग किरण फारसे न विखुरता सरळ आत जातात. ओला पांढरा शर्ट आरपार दिसतो तो याच कारणाने, आणि असं जे कापड डोळ्याला आरपार दिसतं त्यातून बहुतेक यूव्हीही जातोच. वरून ओल्या कापडाने गार वाटतं, वाऱ्याने गार वाटतं, आणि यूव्ही तर कातडीला जाणवतच नाही, आपल्याला जाणवते ती उष्णता. म्हणजे बिचाऱ्याला सावध करणारी एकच गोष्ट होती, ती त्यानेच पाणी ओतून बंद केली.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय भाऊ मानेना. कापडासाठी जो आकडा असतो त्याला यूपीएफ म्हणतात, सनस्क्रीनच्या एसपीएफसारखाच पण कापडाचा, आणि तो माणसावर नाही तर मशीनवर मोजतात, २९० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे, म्हणजे यूव्हीचे, किरण कापडातून किती पार होतात ते बघून. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एक भाग आत येतो, २ टक्के. १५ म्हणजे साधारण पावणेसात टक्के. साध्या पांढऱ्या कॉटन टीशर्टचा यूपीएफ कोरडा असताना ७ च्या आसपास आणि भिजल्यावर ३ च्या आसपास असं सगळीकडे सांगितलं जातं. गडद जीन्सच्या कापडाचा १७०० च्या घरात.

त्या दिवशी फोनवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे ऊन किती भाजवणारं आहे याचा आकडा, दुपारी १० दाखवत होता, ५ तासांची सरासरी आपण ८ धरू. इंडेक्स १ असेल तर एका तासात कातडी भाजवणारी ऊर्जा दर चौरस मीटरला ९० ज्यूल पडते, आणि मोजायला १०० ज्यूलचा एक डोस धरतात. म्हणजे ८ इंडेक्सला तासाला ७.२ डोस आणि ५ तासांत ३६. फार गोऱ्या कातडीला लाल व्हायला दोनेक डोस पुरतात, सावळ्या कातडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा जास्तही लागू शकतात. आता ३६ ला भागा. शर्ट कोरडा असता तर सातने भागून ५, म्हणजे काठावर. भिजलेला होता म्हणून तिनाने भागून १२, म्हणजे त्याच्या कातडीच्या सहनशक्तीच्या बरंच पलीकडे. जिथे बनियन आणि शर्ट असे दोन थर, तिथे ढोबळमानाने दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो, तीन त्रिक नऊ, ३६ भागिले ९ म्हणजे ४, वाचला. यूपीएफ ५० चं कापड असतं तर पाऊण डोससुद्धा आत गेला नसता. हा हिशोब ढोबळ आहे, शर्ट काही कुठल्या लॅबमधे तपासला नाही आणि इंडेक्स हा सपाट आडव्या जागेसाठी असतो, उभ्या माणसाच्या अंगावर ऊन कमी-जास्त तिरकं पडतं, पण दंडाची वरची बाजू आणि पट्टी धरून वाकलेल्या पाठीचा वरचा भाग हे आडव्याच्या जवळ जातात, आणि भाजलंही तिथेच, कंबरेजवळ नाही. वहीवर हे मांडल्यावर भाऊ बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी पाणी ओतलं नसतं तरी पुरतं वाचलो नसतो." बरोबर. काठावरच होता तो.

मधे एक प्रयोग करून बघितला आणि तो फसला, पण त्यातून शिकायला मिळालं म्हणून सांगते. छोटी यूव्ही टॉर्च मिळते, जांभळट प्रकाशाची, तिच्याखाली पांढरा कागद निळसर चमकतो. मी कागदावर कापड धरून टॉर्च मारली. गडद निळ्या कापडाखाली कागद काळोखात, जुन्या शर्टाखाली चमक, आणि शर्टाचा ओला केलेला भाग अजून जास्त आरपार. भारी वाटलं. पण मग दिसलं की शर्ट स्वतःच चमकतोय, कारण डिटर्जंटमधे कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे ब्राइटनर घालतात ते यूव्हीए, म्हणजे यूव्हीतला लांब लहरींचा भाग, शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. म्हणजे ती चमक कागदाची किती आणि शर्टाची किती हे सांगताच येईना. शिवाय या टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या, यूव्हीएच्या अगदी टोकाच्या, आणि भाजण्याचं मुख्य काम करतो तो यूव्हीबी ३१५ च्या खाली. त्यामुळे टॉर्चवरून कापडाचा निकाल लावू नका. ब्राइटनर थोडी मदत करतं हे खरं, पण तीसुद्धा जास्त करून यूव्हीएची. खिडकीसमोर धरून बघणं हीच घरगुती चाळणी बरी, ती नापास करायला उपयोगी आहे, पास करायला नाही. उजेड भसाभस येत असेल तर कापड नक्की वाईट, उजेड अडत असेल तरी ते चांगलंच आहे अशी खात्री नाही.

मग नवीन शर्ट. यूपीएफचं लेबल असलेले कपडे मिळतात, आणि या लेबलांची सुरुवात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून झाली, १९९६ साली त्यांनी यासाठी जगातलं पहिलं स्टँडर्ड काढलं. त्याच्या १५ वर्षं आधी, १९८१ मधे, ऑस्ट्रेलियात उन्हापासून वाचा म्हणून जी मोठी मोहीम निघाली, स्लिप स्लॉप स्लॅप, त्यात पहिला शब्द शर्ट चढवा असा आहे, सनस्क्रीन दुसरं आणि टोपी तिसरी. मला हा क्रम फार पटतो. सनस्क्रीन आपण लावतो ते लागतं त्यापेक्षा नेहमी कमी लावतो, दर दोन तासांनी परत लावायचं विसरतो, घामाने पाण्याने जातं, कापड मात्र सकाळी घातलं की संध्याकाळपर्यंत तिथेच असतं. पण लेबल वाचताना एक लक्षात ठेवायचं की तो आकडा सहसा कोऱ्या, कोरड्या, न ताणलेल्या कापडावर मोजलेला असतो. अमेरिकन पद्धतीत कापड आधी ४० वेळा धुऊन, उन्हासारख्या प्रकाशात ठेवून मग मोजतात, ते जास्त प्रामाणिक वाटतं. युरोपात ४० च्या वर असेल आणि सरासरी ५ टक्क्यांपेक्षा कमी यूव्हीए आत येत असेल तरच खूण लावता येते.

आम्ही लेबलवालं काही घेतलं नाही. मीच शिवला. घट्ट विणीचं पॉलिएस्टर-कॉटन मिक्स कापड, गडद निळं, खांद्याला आणि दंडाला मुद्दाम दोन बोटं ढिला, पाठीला योकखाली उघडी झडप ठेवली म्हणजे हवा खेळेल, कॉलर उंच, आणि बाही तळव्याच्या सुरुवातीपर्यंत येईल एवढी लांब. रंग बघून भाऊ म्हणाला, "ताई, गडद शर्ट घालून उन्हात? शिजेन मी." प्रश्न बरोबर आहे, गडद कापड तापतंच. पण ते कातडीला चिकटलेलं नसेल तर ती उष्णता आत पोचायच्या आधी हवेने बरीच वाहून नेते. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात यावर १९८० साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात काळ्या आणि पांढऱ्या सैल झग्यात माणसाच्या अंगापर्यंत पोचणारी उष्णता जवळपास सारखीच निघाली. सैल हा शब्द त्यात महत्त्वाचा. ढिला कपडा यूव्हीसाठीही चांगला, कारण भोकातून आलेला किरण कातडीपर्यंत जाता जाता पसरतो आणि वीण ताणली जात नाही.

बरं झाल्यावर तीन आठवड्यांनी उरलेलं काम करायला ते परत गेले, तीच वेळ, जवळपास तसंच ऊन. यावेळी पाणी ओतलं तरी चालेल असं मी सांगितलं नाही, ओलं फडकं मानेला गुंडाळ पण शर्ट होईल तेवढा कोरडा ठेव असं सांगितलं. संध्याकाळी आल्या आल्या मी पाठ बघितली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघितली. काही नाही. उकडलं का विचारलं तर म्हणाला पहिला तासभर जाणवलं, नंतर लक्षात राहिलं नाही.

पण दोन जागा सुटल्या, आणि त्या माझ्या चुकीने सुटल्या. कान, कारण टोपी समोरच छज्जा असलेली होती, आणि बोटांच्या मागची बाजू, कारण पट्टी धरताना बाही मागे सरकत होती आणि सनस्क्रीन पाण्याने धुतलं जात होतं. ऊन फक्त वरून येत नाही, यूव्हीचा बराच मोठा भाग आकाशातून विखुरलेला सगळीकडून येतो, त्यामुळे टोपीची सावली चेहऱ्यावर पडलेली दिसते तेव्हाही कान आणि हनुवटी उघडीच असतात. आता टोपी सगळीकडून साडेसात सेंटिमीटरची कड असलेली घेतलीये, आणि बाहीच्या टोकाला अंगठा अडकवायला काजासारखं भोक करून दिलंय म्हणजे बाही सरकणार नाही. ते भोक दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा आतून पट्टी लावून शिवलं तेव्हा टिकलं.

जुना पांढरा शर्ट मी फडकी करायला कापला. या सगळ्याला आता चार महिने होतील, दंडाची सालं तेव्हाच निघून नवीन कातडी आली, दुखणं कधीच गेलं, पण पाठीवर बनियनच्या कडेची ती रेघ अजून पुसट दिसते.